मंद वेगाची परीक्षा

स्टँड मिक्सर घ्यायला दुकानात गेलं की विक्रेता पहिला आकडा सांगतो तो वॅटचा. हे हजारचं, हे बाराशेचं, हे पंधराशेचं. म्हणजे शेवटचं सगळ्यात दणकट. त्याच मांडणीच्या कोपऱ्यात तीनशे वॅटचं एक अमेरिकी यंत्र असतं आणि त्याची किंमत या सगळ्यांच्या कित्येक पट असते. गिऱ्हाईक गोंधळतं. शक्ती कमी आणि पैसे जास्त, हा कुठला हिशेब? काही जण ‘नावाचे पैसे’ म्हणून विषय सोडून देतात. नावाचे थोडे असतातच. बाकीचे कशाचे, ते कळलं की निवड निम्मी झाली.

वॅट म्हणजे यंत्र भिंतीतल्या सॉकेटमधून किती वीज ओढतं त्याचं माप. त्यातली पीठ मळणाऱ्या हुकापर्यंत किती पोचते, हे त्या आकड्यात नसतं. मोटर तापण्यात काही जाते, पंख्याच्या वाऱ्यात काही, गिअर एकमेकांवर घासण्यात काही. शिवाय खोक्यावर ठळक छापलेला आकडा अनेकदा क्षणभराच्या कमाल ओढीचा असतो. तेवढी वीज खात यंत्र मिनिटभरसुद्धा चालणार नसतं.

घरगुती स्टँड मिक्सरमधली मोटर बहुधा आपल्या मिक्सर-ग्राइंडरमध्ये असते त्याच जातीची, म्हणजे युनिव्हर्सल मोटर. आकाराने लहान, वजनाने हलकी आणि पळायला उतावीळ. चटणीच्या भांड्याखाली ती मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेते आणि भांड्यातलं पातंही तिच्याच वेगाने फिरतं. पीठ मळताना मात्र हुकाला मिनिटाला शंभराच्या आसपास फेरे पुरे होतात. म्हणजे शर्यतीचा घोडा नांगराला जुंपायचा आहे. ते काम गिअर करतात. वेग जितक्या पटीने उतरवावा, जवळपास तितक्या पटीने फिरवण्याचा जोर वाढतो. गाडीवाले याच जोराला टॉर्क म्हणतात. तो सगळा जोर अखेर गिअरच्या दात्यांवर येतो, म्हणून दाते धातूचे की नायलॉनचे, हा प्रश्न वॅटच्या आधी विचारावा. त्यातही एक खाचखळगा आहे. काही चांगल्या यंत्रांत एकच गिअर मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो. पीठ अडलं, तर आधी त्याचे दाते जातात आणि मोटर वाचते. गिअर थोडक्या खर्चात बदलता येतो, मोटर नाही.

खरी गोम पुढे आहे. वेगाचं बटण खाली आणलं की स्वस्त यंत्रात मोटरला मिळणारी वीजच कमी होते. वीज कमी, की जोर कमी. घट्ट पीठ मळायला मंद वेग लागतो आणि नेमक्या त्याच वेगाला यंत्र सगळ्यात अशक्त होतं. चांगल्या यंत्रात मोटरच्या फेऱ्यांवर पाळत ठेवणारी व्यवस्था असते. पिठाने वेग दाबला की ती आपोआप जास्त वीज सोडते आणि हुक त्याच गतीने फिरत राहतो. यात आणखी एक भानगड आहे. मोटर थंड ठेवणारा पंखा तिच्याच दांड्यावर बसवलेला असतो. मोटर मंद, की पंखाही मंद. भार सर्वांत जास्त असताना वारा सर्वांत कमी. दहा मिनिटं पावाचं पीठ मळल्यावर काही यंत्रांच्या डोक्यावर हात ठेववत नाही, त्याचं कारण हे. म्हणून माझं मत असं, की स्टँड मिक्सर पारखायचा तर वेगाच्या दुसऱ्या नंबरावर पारखावा. दहाव्या नंबरावर सगळीच यंत्रं शूर असतात.

हे यंत्र मुळात पिठासाठीच जन्माला आलं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्रॉय नावाचं गाव आहे, तिथे होबार्ट ही कंपनी होती. तिचे अभियंते हर्बर्ट जॉन्स्टन यांनी १९०८ मध्ये एका बेकरीवाल्याला धातूच्या भल्यामोठ्या चमच्याने पीठ कालवताना पाहिलं आणि याला यंत्र हवं, असं त्यांच्या मनाने घेतलं. १९१४ पर्यंत ८० क्वार्टचं, म्हणजे साधारण ७५ लिटर भांड्याचं यंत्र तयार झालं. अमेरिकी नौदलाने ते युद्धनौकांच्या भटारखान्यांसाठी घेतलं. घरगुती यंत्र त्यानंतर, १९१९ मध्ये आलं. त्याचं नाव किचनएड एच-५, वजन ६५ पौंड, म्हणजे साडेएकोणतीस किलो, आणि किंमत १८९ डॉलर ५० सेंट. दुकानदार ते ठेवायला फारसे उत्सुक नव्हते, तेव्हा कंपनीने विक्रेत्या बायकांना घरोघर पाठवलं. आज आपण ओळखतो तो गोलसर, गुळगुळीत आकार एगमाँट एरन्स या रचनाकाराचा, १९३७ सालचा.

जॉन्स्टनच्या यंत्राची करामत त्याच्या चालीत होती. भांडं जागच्या जागी राहतं. हुक एका दिशेने स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी उलट दिशेने भांड्याच्या कडेकडेने फेरी मारतो. त्यामुळे पिठाचा कुठलाच कोपरा सुटत नाही. याला प्लॅनेटरी चाल म्हणतात आणि आज बाजारातली बहुतेक यंत्रं हीच चाल चालतात. १९३० मध्ये सनबीम कंपनीने मिक्समास्टर आणला, तो आयव्हर जेप्सन यांचा. दोन सुटे बीटर एकमेकांत गुंतून फिरायचे, किंमत बरीच कमी, आणि अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरांत तो झपाट्याने शिरला. केकसाठी उत्तम, पावाला बेताचा. इंग्लंडमध्ये केनेथ वुड यांचा केनवुड शेफ १९५० चा.

या सगळ्यांहून वेगळ्या वाटेने गेला तो स्वीडन. १९४० मध्ये अ‍ॅल्व्हर लेनिंग यांनी इलेक्ट्रोलक्ससाठी असिस्टेंट नावाचं यंत्र रचलं. त्यात मोटर खाली असते आणि भांडंच फिरतं. वरून एक खाचांचा रोलर भांड्याच्या भिंतीलगत उभा राहतो आणि पीठ त्याच्या आणि भिंतीच्या मधून पुन्हापुन्हा दाबलं जातं. आज हेच यंत्र अँकर्सरम नावाने विकलं जातं. डोकं उघडायचं नसल्याने भांड्यात वरून काहीही घालता येतं आणि मोठ्या घाण्याला ते डगमगत नाही. घरी दर आठवड्याला चार-पाच मोठे पाव भाजणाऱ्या माणसाने निदान एकदा या यंत्राकडे बघावं. केकवाल्यांना मात्र त्याची सवय व्हायला वेळ लागतो.

भार ओळखून यंत्र घडवायचं, ही गोष्ट मुंबईत एका मिक्सरने आधीच शिकवलेली आहे. १९६० च्या दशकात सीमेन्समध्ये काम करणारे अभियंते सत्यप्रकाश माथूर यांच्या घरचा जर्मन बनावटीचा मिक्सर बंद पडला. पत्नी माधुरी यांनी नवऱ्यापुढे प्रश्न टाकला आणि माथूरांनी ओल्या-सुक्या वाटणाचा भार सोसेल अशी मोटर बसवून सुमीत मिक्सर तयार केला. फळांचे रस आणि मिल्कशेक यांच्यासाठी बनलेलं यंत्र भिजवलेल्या डाळीपुढे टिकणार नाही, हे तेव्हा घरोघर कळलं. स्टँड मिक्सरच्या बाबतीत डाळीच्या जागी कणीक ठेवायची, एवढाच फरक.

तेव्हा दुकानात जाण्याआधी स्वतःला विचारायचं: मी घरी नक्की काय करतो, आणि एका वेळी किती?

२०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्रातल्या शेकडो घरांमध्ये ओटीजी आले, पाठोपाठ केकच्या ऑर्डरी आल्या आणि त्यांच्या मागून स्टँड मिक्सर घ्यायची हौस आली. पण आपल्याकडे घरगुती ऑर्डरींत मोठी मागणी बिनअंड्याच्या केकला. दही, तेल, कंडेन्स्ड मिल्क, मैदा, सोडा. या केकला यंत्राची गरज जवळजवळ शून्य. ओलं आणि कोरडं एकत्र केल्यावर हाताने, हलक्या हाताने, दाणे जाईपर्यंत ढवळायचं. यंत्राला दिलं की मिनिटभरात मैद्यातलं ग्लुटेन जागं होतं आणि केक रबरासारखा होतो. ज्यांचा सगळा धंदा या केकवर आणि वरच्या क्रीमवर आहे, त्यांना मी सरळ सांगतो: दोन-तीन हजारांचा चांगला हँड मिक्सर घ्या, उरलेल्या पैशांतून मोठा ओव्हन घ्या. ऑर्डरी ओव्हनपाशी अडतात, बीटरपाशी क्वचितच.

लोण्याचा केक असेल तर गोष्ट वेगळी. लोणी-साखर फेसताना साखरेचे कण लोण्यात भोकं पाडत जातात आणि प्रत्येक भोकात हवा अडकते. बेकिंग पावडर नवे बुडबुडे तयार करत नाही. फेसताना अडकलेले बुडबुडे ओव्हनमध्ये फुगवते, एवढंच तिचं काम. त्यामुळे केक किती हलका होणार, हे बरंचसं या पहिल्या पाच-सात मिनिटांत ठरतं. नानकटाईसाठी परातीत तूप आणि पिठीसाखर तळहाताने पांढरीशुभ्र होईपर्यंत फेसणाऱ्या बायका हेच करत आल्या आहेत, आणि दीड किलो नानकटाईला खांद्याचं काय होतं हे त्यांना विचारावं. इथे फ्लॅट बीटर कामाला येतो. व्हिस्क नव्हे, थंड लोण्यात व्हिस्कच्या तारा वाकतात.

अंड्याचा स्पंज, मॅकरॉन, अंड्याच्या पांढऱ्याचं बटरक्रीम यांत स्टँड मिक्सर खरा उपयोगी पडतो. अंडी-साखर पंधरा मिनिटं फेटायची असली की हात मोकळे राहतात, आणि स्विस बटरक्रीममध्ये लोण्याचे तुकडे एकेक करून टाकायला तर दोन्ही हात लागतात. क्रीमचं म्हणाल तर यंत्र फार वेगवान असतं आणि तीच अडचण होते. फोन आला म्हणून दोन मिनिटं ओट्यापासून दूर गेलात तर परत येईपर्यंत दुधाच्या क्रीमचं लोणी निघालेलं असतं. आणि जाता जाता: किराणा दुकानात मिळणारं २५ टक्के फॅटचं फ्रेश क्रीम कितीही भारी यंत्रात उभं राहत नाही. त्याला ३० च्या वरचं फॅट लागतं. यंत्राला दोष देऊ नये.

आता पीठ. इथे यंत्राची खरी कसोटी लागते, म्हणून जरा थांबून पाहू.

लादी पावासाठी अर्धा किलो मैदा, साधारण ३२० मिलिलिटर पाणी किंवा दूध, यीस्ट, मीठ, साखर, थोडं लोणी. पहिल्या नंबरावर हुक फिरायला लागतो तेव्हा भांड्यात नुसता कोरडा-ओला चुरा असतो; तळाशी मैद्याची एक चकती राहते आणि ती हुकाला सापडत नाही. दोनएक मिनिटांत सगळं एकत्र येतं. आता दुसरा नंबर. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत बजावून सांगितलेलं असतं, की पीठ याच्या वरच्या वेगाला मळू नका. आणि ज्या यंत्रांचे गिअर गेले, त्यांतली बरीच या एका वाक्याकडे दुर्लक्ष झाल्याने गेलेली असतात. चौथ्या-पाचव्या मिनिटाला गोळा घट्ट होतो, भांड्याच्या भिंतीवर थपाथपा आदळू लागतो आणि यंत्र ओट्यावर सरकायला लागतं. हलकं यंत्र असेल तर एक हात त्याच्यावर ठेवून उभं राहावं लागतं, मग हात मोकळे कसले? याच सुमाराला पीठ हुकावर वर चढायला लागतं. पातळ द्रव फिरवला तर मधे खळगा पडतो. पीठ लवचीक असल्याने फिरणाऱ्या दांड्याला वेढत वर जातं. शास्त्रज्ञ याला वायझेनबर्ग परिणाम म्हणतात, आपण यंत्र थांबवून स्पॅच्युलाने ते खाली ढकलतो. इंग्रजी सी अक्षरासारख्या साध्या हुकावर पीठ जास्त चढतं. पिळाचा, स्क्रूसारखा हुक त्याला खाली दाबत राहतो. दोन यंत्रांत बाकी सगळं सारखं असेल तर पिळाचा हुक असलेलं घ्यावं.

आठव्या मिनिटाच्या आसपास भिंती स्वच्छ होतात. लिंबाएवढा तुकडा घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी ताणावा. फाटला तर अजून मळायचं. पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पडदा झाला तर झालं. या आठ मिनिटांत मोटरचा आवाज ऐकत राहावा. एकसारखा असेल तर ठीक. दर फेरीला ‘ऊं-ऊं’ करत खाली-वर होत असेल तर यंत्र कुवतीबाहेर काम करतंय. अशा वेळी पीठ निम्मं करावं किंवा उरलेलं हाताने मळावं.

चक्कीच्या आट्याचे पाव करणाऱ्यांना थोडी जास्त काळजी हवी. आटा मैद्यापेक्षा जास्त पाणी पितो आणि कोंडा ते सावकाश पितो. लगेच मळायला घेतलं तर पीठ आधी दगड आणि मग चिकट, असे दोन्ही त्रास देतं. पाणी घालून नुसतं कालवावं आणि झाकून अर्धा तास ठेवावं. फ्रान्समध्ये रेमंड काल्व्हेल यांनी १९७० च्या दशकात पावाच्या पिठाला अशी विश्रांती देण्याची पद्धत रूढ केली आणि आता जगभरचे पाववाले ती वापरतात. पोळ्यांची कणीक भिजवून झाकून ठेवणाऱ्या घरात त्याचं फारसं नवल वाटणार नाही. या अर्ध्या तासात ग्लुटेन आपणहून जुळतं, मळण्याचा वेळ कमी होतो आणि मोटरवरचा भार उतरतो. तुमच्या यंत्राची कुवत जेमतेम असेल तर याहून स्वस्त उपाय दुसरा नाही. पुरणपोळीची सैल, तेलाची कणीक हुक फार छान तिंबतो, हेही सांगून ठेवतो. श्रावणात आणि होळीला यंत्राचे पैसे थोडे तरी वसूल होतात.

पोळ्यांची रोजची कणीक मात्र स्टँड मिक्सरला देण्यात अर्थ नाही. ती घट्ट, थोडी आणि रोजची. त्यासाठी फूड प्रोसेसर बरा. त्याचं पातं एक-दीड मिनिटात कणीक गोळा करतं. लहान घाण्याचा पावही त्यात मळता येतो, फक्त पीठ पटकन तापतं.

तापण्याचा मुद्दा परदेशी पुस्तकांत चार ओळींत संपतो. तिथे स्वयंपाकघर २० अंशांचं असतं. मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत मे महिन्यात तेच ३२ अंशांचं असतं आणि यंत्र त्यात आपली भर घालतं. मळलेलं पीठ २५-२६ अंशांवर असावं, त्याहून गरम झालं तर यीस्ट धावत सुटतं आणि पावाला आंबूस वास येतो. बेकरीवाले यासाठी एक साधा हिशेब करतात. हवं ते तापमान गुणिले तीन; त्यातून खोलीचं तापमान, मैद्याचं तापमान आणि यंत्राच्या घर्षणाचा आकडा वजा करायचा. जे उरेल ते पाण्याचं तापमान. घरगुती स्टँड मिक्सरला घर्षणाचा आकडा १२ च्या आसपास धरतात. म्हणजे मे महिन्यात मुंबईत: २६ त्रिक ७८, वजा ३२, वजा ३२, वजा १२. उरले २. बर्फाचं पाणी! जानेवारीत पुण्यात सकाळी स्वयंपाकघर आणि मैदा २० अंशांवर असेल तर तोच हिशेब २६ देतो, म्हणजे जवळपास कोमट पाणी. पाककृती तीच, यंत्र तेच.

लोण्याचंही असंच. फेसायला ते १८ ते २० अंशांचं हवं: बोट दाबलं तर खळगा पडावा, पण चकाकी येऊ नये. कोकणातल्या उन्हाळ्यात ते ओट्यावर ठेवून ‘रूम टेंपरेचर’ला आणलं तर त्याचं जवळजवळ तेल होतं आणि तेलात हवा अडकत नाही. फ्रिजमधून काढून दहा मिनिटांत फेसायला घ्यावं आणि स्टीलचं भांडं आधी फ्रिजमध्ये ठेवावं. भांडं काचेचं असेल तर ते जड असतं, सावकाश गार होतं आणि एकदा हातातून सुटलं की संपलं. मी स्टीलच्या बाजूने.

भांड्याच्या लिटरांनीही फसायला होतं. पाच लिटरच्या भांड्यात पाच लिटर काही करता येत नाही. पावाच्या पिठासाठी साडेचार-पाच लिटरच्या यंत्रात ५०० ते ७०० ग्रॅम मैदा, हा सोसवेल असा घाणा. माहितीपत्रकात किलो-दीड किलो लिहिलेलं असेल तरी त्याहून बरंच कमी धरावं. दुसऱ्या टोकाकडे मात्र फार कमी लोक बघतात. चार माणसांच्या घरात दोन अंड्यांचा केक होतो. सात लिटरच्या भांड्यात दोन अंड्यांचा पांढरा टाकला तर व्हिस्क त्याच्या वरच्या वर फिरत राहतो. मोठं यंत्र घेऊन ठेवू, पुढेमागे उपयोगी पडेल, हा विचार डब्यांच्या बाबतीत ठीक आहे.

व्हिस्क आणि बीटर भांड्याच्या तळाच्या किती जवळ जातात, यासाठी अमेरिकेत नाण्याची एक चाचणी करतात. तिथलं दहा सेंटचं नाणं रिकाम्या भांड्यात टाकायचं, फ्लॅट बीटर लावायचा आणि यंत्र अगदी मंद फिरवायचं. बीटर आला की नाणं थोडंसं, अर्धा इंचभर, सरकलं पाहिजे. जागचं हललंच नाही तर बीटर फार वर आहे, तळाचं लोणी तसंच राहणार. बीटर नाण्याला लोटतच नेत असेल तर तो फार खाली आहे, भांडं घासलं जाणार. आपल्याकडे रुपयाचं पातळ नाणं चालतं. बहुतेक यंत्रांत डोक्याच्या सांध्यापाशी एक स्क्रू असतो, तो पाव फेरा इकडे-तिकडे केला की उंची जुळते. ज्यात असा स्क्रूच नाही, ते यंत्र पहिल्या दिवशी जसं आलं तसंच कायम राहणार.

डोकं मागे कलतं अशी यंत्रं घरगुती आकारात जास्त आणि वापरायला सोपी. भांडं खटक्याने वर उचलणारी यंत्रं घट्ट पिठाला जास्त स्थिर. पण आपल्या फ्लॅटमध्ये प्रश्न वेगळाच असतो: ओट्याच्या वरचं कपाट. यंत्र बंद असताना खाली नीट मावतं आणि डोकं मागे कलवलं की कपाटाच्या तळाला आपटतं. म्हणून टेप घेऊन डोकं उघडल्यावरची उंची मोजावी. चांगलं यंत्र दहा-बारा किलोंचं असतं आणि तेच त्याचं बळ. खालच्या कपाटातून दर वेळी काढायचं म्हटलं तर महिन्याभरात ते तिथेच राहायला लागतं. त्याला ओट्यावर कायमची जागा देता येत नसेल तर खरेदीचा फेरविचार करावा.

बीटर कशाचे आहेत तेही बघावं. नुसत्या चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा बीटर डिशवॉशरमध्ये गेला किंवा भांडी घासणाऱ्या मावशींनी नेहमीप्रमाणे साबणाच्या वडीने आणि तारेच्या घासणीने लख्ख करायला घेतला, की त्यावर करडा थर येतो. तो बोटांना लागतो, आणि पुढच्या वेळी पांढऱ्या क्रीमला. पांढरा लेप दिलेल्या बीटरचा लेप तारेच्या घासणीने टवके उडून निघतो. स्टीलचा बीटर मिळत असेल तर दोन पैसे जास्त देऊन घ्यावा.

अनेक मराठी घरांतला स्टँड मिक्सर विमानाने येतो. मुलगी किंवा भाचा अमेरिकेत, तिकडे सेलमध्ये स्वस्त मिळाला, येताना बॅगेत घातला. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. थेट लावला तर व्होल्टेज जवळपास दुप्पट होतं, मोटरमधली उष्णता त्याच्या वर्गाने, म्हणजे जवळजवळ चौपट वाढते आणि काही क्षणांत जळका वास येतो. पिन बदलणारा छोटा अ‍ॅडॉप्टर इथे काही करत नाही. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही यंत्राच्या वॅटच्या निदान दुप्पट क्षमतेचा, कारण मोटर सुरू होताना जास्त ओढते. म्हणजे ओट्यावर आणखी एक जड खोकं. तिकडची वीज ६० हर्ट्‌झची आणि इथली ५० ची, याने युनिव्हर्सल मोटरला फरक पडत नाही. दुबई, इंग्लंड, युरोप इथून आणलेल्या यंत्राला मात्र फक्त पिन बदलावी लागते. दोन्हीकडच्या यंत्रांना इथली वॉरंटी सहसा लागू होत नाही, हे बॅगेत वजन करण्याआधी विचारात घ्यावं.

दुरुस्तीचं म्हणाल तर मोटरमधले कार्बन ब्रश झिजणारच. ते कोपऱ्यावरचा मिक्सर दुरुस्त करणारा बदलून देतो. गिअर मात्र त्या त्या कंपनीचाच लागतो. म्हणून दुकानात ‘वॉरंटी किती वर्षं’ विचारतो तसंच ‘गिअर आणि हुक सुटे मिळतात का, किती दिवसांत’ हेही विचारावं आणि आपल्या शहरात सर्व्हिस सेंटर आहे का ते बघावं. यंत्र उलटं करून तळाची पट्टी वाचावी. तिथे व्होल्ट आणि वॅट यांच्या शेजारी काही यंत्रांवर ‘केबी १० मिनिटं’ किंवा ‘केबी ५ मिनिटं’ असं छापलेलं असतं. सलग तेवढीच मिनिटं चालवा, मग थंड होऊ द्या, असा त्याचा अर्थ. खोक्यावर हे कधी ठळक नसतं. आठ मिनिटांचा पाव मळायचा असेल तर पाच मिनिटांची पट्टी असलेलं यंत्र परत मांडणीवर ठेवावं.

आणि यंत्र घरी आलं की पहिल्याच आठवड्यात त्याच्यात सगळ्यात जड पीठ मळून बघावं. लोक हौसेने आधी केक करतात, मग क्रीम, आणि दोन महिन्यांनी कधीतरी पाव. तोवर बदलून घेण्याची मुदत गेलेली असते. अर्धा किलो मैदा, दुसरा नंबर, आठ मिनिटं. डोकं उचकटतंय का, जळका वास येतोय का, वेग पडतोय का ते पाहायचं. नव्या मोटरला पहिल्या एक-दोन वेळा किंचित वास येतो, तो राहत नाही. फार दिवस न वापरलेल्या यंत्रातून हुकाच्या दांड्यावरून तेलाचा थेंब ओघळतो. गिअरच्या ग्रीसमधलं तेल वेगळं झालेलं असतं. भांडं न लावता यंत्र दोन-तीन मिनिटं वरच्या वेगाला फिरवावं, दांडा कापडाने पुसून घ्यावा आणि मग मैदा मोजायला घ्यावा.